फाटकाचें यंत्र बदलतांना

घराचें दार आणि गांवाची वेस यांची राखण हा मनुष्याच्या संसाराइतकाच जुना व्यवहार आहे. कोणास आंत घ्यावें, कोणास बाहेर थांबवावें आणि संकटाच्या वेळीं सर्वांना बाहेर कसें काढावें, हे तीन प्रश्न प्रत्येक दारापाशीं उभे असतात. भंडारा जिल्ह्यांत पवनीच्या तटाचा दरवाजा किंवा तुमसर तालुक्यांतील आंबागडचा किल्ला पाहणाराच्या मनांत हे प्रश्न सहज येतात. जुन्या किल्ल्यांचीं कवाडें अतिशय जड असत. तीं हलविण्यास अनेक माणसें लागत. म्हणून मोठ्या कवाडांतच एक लहान दिंडी ठेवण्याची चाल होती. रोजची ये-जा दिंडींतून होई. मोठें कवाड केवळ हत्ती, घोडे आणि गाड्या यांच्यासाठीं उघडे. ही दिंडी ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

माणसाच्या हाताऐवजीं दुसऱ्या शक्तीनें दार उघडावें ही कल्पनाहि नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन नांवाच्या विद्वानानें, वेदीवर अग्नि पेटवितांच देवळाचें दार आपोआप उघडेल अशा युक्तीचें वर्णन लिहून ठेविलें आहे. महाराष्ट्रांत पुण्याजवळ खडकवासला येथें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९०३ सालीं बसविलेलीं दारें अशींच स्वयंचलित होतीं. तलावाचें पाणी ठराविक पातळीच्या वर चढलें म्हणजे तीं आपोआप उघडत आणि पाणी उतरलें म्हणजे मिटत. आणि भंडाऱ्याच्या रहिवाशास तर वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या तेहतीस दारांची वार्ता दर पावसाळ्यांत कानीं पडते. या थोर यंत्रांच्या पंक्तींत एखाद्या गिरणीच्या फाटकावरची लहानशी मोटर बसविणें कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु नियम दोन्हीकडे एकच आहेत, आणि त्या नियमांकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षाहि दोन्हीकडे चुकत नाहीं.

भंडारा हा धानाचा जिल्हा. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत धान हेंच मुख्य पीक असून, धान भरडणाऱ्या गिरण्या, गोदामें आणि लहानमोठे कारखाने रस्त्यांच्या कडेनें उभे आहेत. पितळेच्या भांड्यांसाठीं तर भंडारा शहराचें नांव फार पूर्वींपासून आहे. अशा ठिकाणीं आतां बिजागरीवर फिरणारीं दोन कवाडांचीं लोखंडी फाटकें आणि तीं उघडणाऱ्या विजेच्या मोटरी दिसूं लागल्या आहेत. चौकीदार खोलींत बसून कळ दाबतो, कवाडें शांतपणें आंत वळतात, ट्रक शिरतो आणि कवाडें पुन्हा मिटतात. हें सर्व सुरळीत चालतें तोंवर त्याकडे कोणी पाहत नाहीं. परंतु दिवाळीनंतर धानाची आवक ऐन भरांत असतांना एके दिवशीं मोटर नुसती घुमते, कवाड हलत नाहीं, आणि ट्रकांची रांग महामार्गापर्यंत जाते. मग मालक घाईनें तशीच दुसरी मोटर आणून त्याच जागीं बसवितो. एक पावसाळा उलटत नाहीं तोंच तीही जळते. या वेळीं दोष मोटरीला दिला जातो. परंतु खरा दोष बहुधा अन्यत्र असतो. तो कोठें असतो, तो कसा शोधावा, आणि नवें यंत्र बसवितांना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम हें यंत्र काय करतें तें पाहूं जातां शाळेंतील तरफेचा धडा आठवावा लागतो. कवाड बिजागरीभोंवतीं फिरतें. मनुष्य कवाड लोटतो तेव्हां तो त्याच्या मोकळ्या कडेला हात लावतो. तेथें थोडा जोर पुरतो, कारण हाताचें बिजागरीपासूनचें अंतर मोठें असतें. यंत्राची भुजा मात्र खांबाला एका टोंकानें आणि कवाडाला दुसऱ्या टोंकानें जोडलेली असते, आणि तिच्या जोराची रेषा बिजागरीपासून जेमतेम वीतभर अंतरावरून जाते. म्हणून जें काम हात सहज करतो त्यासाठीं यंत्रास कितीतरी पटींनीं अधिक जोर लावावा लागतो. उदाहरणार्थ, तीन मीटर रुंदीचें कवाड त्याच्या कडेला १० किलोच्या जोरानें हलत असेल, आणि यंत्राच्या जोराची रेषा बिजागरीपासून २० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर यंत्रास १५० किलोचा जोर लावावा लागेल. बिजागरी गंजली आणि कडेला १० च्या जागीं २५ किलो जोर लागूं लागला, तर यंत्रावरील भार ३७५ किलो होतो. बाजारांत मिळणाऱ्या अनेक साधारण यंत्रांचा जोर दोनशें ते तीनशें किलोच्या आंतबाहेर असतो. तेव्हां जें ओझें माणसाच्या हातास केवळ ‘थोडें जड’ वाटतें, तें यंत्राच्या जिवावर बेततें.

या भुजेच्या पोटांत सामान्यतः एक मोटर, तिची गति कमी करून जोर वाढविणारे दांतेरी चक्रांचे गिअर आणि एक लांब आट्यांचा दांडा असतो. दांडा फिरूं लागला म्हणजे त्यावरील नट पुढें किंवा मागें सरकतो आणि कवाड ओढलें वा लोटलें जातें. दुसऱ्या एका प्रकारांत आट्यांच्या दांड्याऐवजीं तेलाच्या दाबानें दट्ट्या सरकतो. तिसऱ्या प्रकारांत कोपरासारखी दुमडणारी भुजा असते. खांब फार रुंद असला म्हणजे ती सोयीची पडते. चौथा प्रकार जमिनींत, बिजागरीच्या खालीं पुरलेला असतो. तो दिसत नाहीं म्हणून शोभतो, पण पावसाचें पाणी सांचणाऱ्या जागीं त्याचे हाल होतात. यांखेरीज एका पेटींत नियंत्रणाची पट्टी असते. कळेचा किंवा रिमोटचा हुकूम ती ऐकते, कवाड कोठें थांबावें तें ठरविते, आणि वाटेंत अडथळा आला तर काय करावें याचाही निर्णय तीच घेते. म्हणून भुजा हा या द्वारपाळाचा हात, आणि पेटी हें त्याचें डोकें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां यंत्र बंद पडलें म्हणजे पहिलें काम तें काढून फेंकण्याचें नव्हे. कवाड यंत्रापासून मोकळें करून हातानें लोटून पाहण्याचें आहे. प्रत्येक चांगल्या यंत्रास यासाठीं एक किल्ली दिलेली असते. वीज बंद करावी, किल्ली फिरवावी आणि कवाड हळूहळू एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत न्यावें. तें सर्वत्र सारखें हलकें चालतें कीं मध्येंच अडतें? सोडून दिलें असतां आपण होऊन एका बाजूस धांवतें काय? साधा स्प्रिंगचा वजनकांटा कवाडाच्या कडेला अडकवून ओढला तर किती किलो जोर लागतो हेंही तत्काळ कळतें. ज्या कवाडास माणूस एका हातानें लोटूं शकत नाहीं, त्यास मोटर लावणें म्हणजे लंगड्या बैलाच्या गाडींत आणखी पोतीं भरण्यासारखें आहे.

या साध्या परीक्षेंत चार दोष विशेषतः आढळतात. पहिला दोष बिजागरीचा. जड कवाडाच्या बिजागरींत लोखंडावर लोखंड घासत राहिलें, आणि तूस व धूळ वंगणांत मिसळून तिचा लगदा झाला, तर कवाड आधीं कुरकुरतें आणि मग खालीं ओघळतें. धानाच्या गिरणीच्या आवारांत तुसाची धूळ बारमास उडत असते. म्हणून तेथें बेअरिंगची बिजागरी आणि नियमित वंगण या चैनीच्या नव्हे, गरजेच्या गोष्टी आहेत.

दुसरा दोष खांबाचा. भंडारा जिल्ह्यांत कन्हार नांवाची काळी भारी जमीन आहे. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यांत उथळ पायावर उभा केलेला खांब दोनचार वर्षांत अंमळ कलतो, आणि खांब कलला म्हणजे कवाडाचा सारा तोल बिघडतो. ओळंबा लावला असतां हा कल एका क्षणांत उघड होतो. पूर्वींच्या गवंड्यास ओळंब्याखेरीज खांब उभारणें ठाऊक नव्हतें. आजच्या घाईंत तें साधें साधन पेटींतच राहून जातें. खांब कलला असेल तर त्याचा पाया आधीं खोल व रुंद करावा, मग यंत्राची गोष्ट बोलावी.

तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. मूळ फाटक गजांचें असतें. त्यांतून वारा सहज निघून जातो. पुढें कधीं आडोसा हवा म्हणून, कधीं दुकानाचें नांव रंगविण्यासाठीं, मालक त्यावर पत्रा ठोकून घेतो. वजन थोडेंच वाढलें असें त्यास वाटतें. परंतु फाटकाचें आतां शीड झालेलें असतें. ताशीं ५४ किलोमीटर वेगाचा वारा सपाट पृष्ठभागावर दर चौरस मीटरास सुमारें १४ किलोचा दाब देतो. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पत्र्याचें कवाड म्हणजे सहा चौरस मीटर. त्यावर ८० किलोहून अधिक भार येतो, आणि तो बिजागरीपासून दीड मीटर अंतरावर पडतो. वरच्याच हिशेबानें भुजेवर तो ६०० किलो होतो. मृगाच्या आधींच्या वावटळींत असें कवाड मिटूं पाहणाऱ्या साधारण यंत्राची गत काय होईल हें निराळें सांगावयास नको. पत्रा काढून टाकावा, किंवा त्यास भोंकांचा पत्रा अथवा जाळी हा पर्याय योजावा. तें शक्य नसेल तर कवाडाची रुंदी आणि वाऱ्याचा दाब दोन्ही हिशेबांत धरून मोठें यंत्र घ्यावें.

चौथा दोष विजेचा. गिरणीच्या मोठ्या मोटरी सुरू होतात त्या वेळीं विजेचा दाब खालीं येतो. शिवाय फाटक इमारतीपासून शेंदीडशें मीटर दूर आणि तार बारीक असेल तर वाटेंतच आणखी घट होते. २३० व्होल्टच्या जागीं फाटकापाशीं १८५ व्होल्टच पोंचले, तर घट पांचवा हिस्सा दिसते. परंतु अशा मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणें बदलतो, त्यामुळें जोर एकतृतीयांशाहूनही अधिक घटतो. मोटर घुमते, तापते आणि शेवटीं जळते. म्हणून दाब फाटकापाशीं, आणि तोही गिरणी व फाटकाची मोटर दोन्ही चालू असतांना मोजावा. सकाळीं कार्यालयांत मोजलेला दाब येथें उपयोगाचा नाहीं.

याच ठिकाणीं एक काटकसरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मोटर घुमते पण उचल घेत नाहीं, आणि हातानें थोडी चालना देतांच चालूं लागते, अशी लक्षणें असतील तर पुष्कळदां तिचा कॅपॅसिटर सुकलेला असतो. तो मोटरीच्या मानानें अगदीं स्वस्त असतो. तसेंच पेटींत मुंग्यांनीं वारूळ केलें, पालीनें अंडीं घातलीं किंवा ओलीनें जोड हिरवे पडले, तरी सारें यंत्र मेल्यासारखें दिसतें. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून हें पाहून घेतल्यावांचून नव्या यंत्राचा खर्च करूं नये. मात्र कॅपॅसिटरमध्यें वीज बंद केल्यावरही कांहीं काळ भार शिल्लक राहतो. माहिती नसलेल्यानें त्यास हात लावणें धोक्याचें आहे.

भुजेच्या गिअरचे दांत झिजले, आट्यांचा नट खिळखिळा झाला, किंवा जुन्या पेटीचे सुटे भाग मिळेनासे झाले, तर मात्र यंत्र बदलणेंच योग्य. नवें यंत्र निवडतांना विक्रेत्यास केवळ ‘मोठें द्या’ असें न सांगतां चार मापें कागदावर लिहून न्यावीं: एका कवाडाची रुंदी, त्याचें वजन, तें जाळीचें कीं पत्र्याचें, आणि हंगामाच्या ऐन दिवशीं तें एका तासांत किती वेळां उघडतें. या शेवटच्या मापाकडे सर्वांचें दुर्लक्ष होतें. समजा, यंत्रास शंभरांतील तीस हिस्से वेळ काम आणि उरलेला वेळ विश्रांति असा नियम आहे. म्हणजे दहा मिनिटांत तें तीन मिनिटें चालेल. एकदां उघडण्यास २० आणि मिटण्यास २० सेकंद धरलीं, तर दहा मिनिटांत त्यानें चार फेऱ्या कराव्या. त्याहून अधिक नाहीं. बंगल्याच्या फाटकास हें विपुल झालें. पण जेथें धानाचे ट्रक एकामागून एक येतात, मालगाड्या बाहेर पडतात आणि कामगारांच्या दुचाकी त्यांतूनच जातात, तेथें बंगल्याचें यंत्र दोन महिन्यांत दमतें. अशा जागीं सततच्या कामासाठीं बनविलेलें, बहुधा तेलाच्या दाबावर चालणारें यंत्र घ्यावें. किंवा गर्दीच्या तासांत फाटक उघडेंच ठेवून चौकीदाराकडून आडव्या दांड्याचें काम घ्यावें. वारंवार वीज जाणाऱ्या गांवांत २४ व्होल्टची, बॅटरीचा आधार असलेली मोटर सोयीची पडते.

यानंतर प्रत्यक्ष बदलण्याचें काम. तें पहांटे किंवा सुटीच्या दिवशीं करावें, आणि त्या वेळेपुरता रहदारीस दुसरा मार्ग ठेवावा. मुख्य कळ बंद करून तिला कुलूप लावावें व किल्ली काम करणाराच्याच खिशांत असावी. ‘कोणी चालू करणार नाहीं’ या भरंवशावर हात आंत घालूं नये. जुनी भुजा सोडण्यापूर्वीं कवाड दोरानें बांधून ठेवावें, कारण भुजा हाच त्याचा अडसर असतो. ती निघतांच वाऱ्याची एक झुळूक त्यास कामगाराच्या अंगावर आणूं शकते. पेटींतील तारा काढण्याआधीं त्यांचें छायाचित्र घ्यावें आणि प्रत्येक तारेस खूण बांधावी.

येथें एक मोह आवरावा लागतो. खांबावर जुन्या भुजेची पट्टी घट्ट वेल्ड केलेली असते; नवी भुजा तिलाच जोडली तर अर्धा दिवस वांचतो असें वाटतें. परंतु प्रत्येक भुजेची धांव, म्हणजे तिचा दांडा किती लांब सरकतो तें अंतर, वेगळें असतें. बिजागरीच्या मध्यापासून पट्टीच्या खिळीपर्यंतचीं आडवें व उभें अशीं दोन अंतरें मोजावीं लागतात. कवाड काटकोनांत उघडावयाचें असेल तर या दोन अंतरांची बेरीज भुजेच्या धांवेहून अधिक असून चालत नाहीं. अधिक झाली तर कवाड अर्धवट उघडेल. आणि दोन्ही अंतरें फार लहान केलीं तर कवाड हिसक्यानें धांवेल व भुजेचा जोर अपुरा पडेल. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर या मापांचें कोष्टक असतें. तें वाचून, पट्टी आधीं चिमट्यांनीं धरून, कवाड हातानें पूर्ण फिरवून पाहावें आणि मगच वेल्डिंग करावें. भुजा कवाडाच्या कोणत्याही स्थितींत समतल राहिली पाहिजे. त्यासाठीं पाणसळ लावावी. वेल्डिंग करतांना नवी भुजा आणि पेटीच्या तारा सोडून ठेवाव्या. नाहीं तर वेल्डिंगचा प्रवाह त्यांतून वाट काढून नव्या यंत्राचा उद्घाटनापूर्वींच अंत करतो.

कवाड जेथें थांबावयाचें तेथें जमिनींत पक्का ठोकळा असावा, मिटण्याच्या जागीं आणि उघडण्याच्याही जागीं. पुष्कळ लोक यंत्रच कवाड थांबवील असें समजून ठोकळा गाळतात. मग ट्रकाचा हलका धक्का, वारा, एवढेंच नव्हे तर कवाडावर झुलणारें पोर, या सर्वांचा भार गिअरच्या दांतांवर येतो. लांब कवाडास मध्यभागीं विजेचें कुलूपही द्यावें. पेटी जमिनीपासून उंच, पावसाच्या झोडीपासून दूर आणि उन्हाळ्यांतील दुपारच्या उन्हास पाठ करून बसवावी. ज्या जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथें उन्हांत तापलेल्या लोखंडी पेटीच्या आंतील स्थितीची कल्पना करावी. तारांचीं भोंकें बंद करावीं, भूमिसंपर्क म्हणजे अर्थिंग नीट द्यावें आणि विजेच्या कडकडाटापासून रक्षण करणारें साधन बसवावें. वळवाच्या पावसांत एका लखलखाटासरशीं किती पेट्या मुक्या होतात, हें दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानांत विचारावें.

येथवर यंत्राच्या जिवाचा विचार झाला. आतां माणसाच्या जिवाचा. तीनशें किलो वजनाचें कवाड सावकाश चालत असलें तरी तें थांबविणें मुलाच्या हातचें नाहीं. गिरण्यांच्या आवारांत हमालांच्या, चौकीदारांच्या कुटुंबांतील लेंकरें खेळत असतात. फिरणाऱ्या कवाडाचा खांबाशीं होणारा कोपरा लपण्यास जागा वाटतो, आणि बिजागरीच्या फटींत बोट घालून पाहण्याची इच्छा कोणत्या मुलास होत नाहीं? म्हणून युरोपांतील प्रमाण-नियमांत असें ठरविलें आहे कीं, मिटणारें कवाड अरुंद फटींत माणसावर आदळलें तर त्याचा क्षणिक जोर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारें ४० किलोच्या भाराहून अधिक असूं नये, आणि पाऊण सेकंदाच्या आंत तो १५० न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारें १५ किलोवर उतरावा. अमेरिकेंतील नियमांनीं २०१६ सालापासून, जेथें माणूस अडकूं शकेल अशा प्रत्येक जागीं संरक्षणाचे दोन स्वतंत्र उपाय मागितले आहेत. या आंकड्यांमागील अर्थ सर्व देशांस सारखाच लागू आहे: एक उपाय चुकेल, म्हणून दुसरा असावा.

पहिला उपाय पेटींतच असतो. कवाडास अडथळा झाला म्हणजे मोटर अधिक वीज ओढूं लागते. पेटीनें तें ओळखून कवाड थांबवावें व मागें घ्यावें. यासाठीं जोराची मर्यादा ठरविणारी कळ असते, आणि येथेंच मोठा अपराध घडतो. बिजागरी जड झाली, कवाड वारंवार मध्येंच परत फिरूं लागलें, कीं दुरुस्तीवाला ती मर्यादा शेवटपर्यंत वाढवून देतो. फाटक चालूं लागतें, मालक संतुष्ट होतो, आणि त्या क्षणापासून तें कवाड मूल व पोतें यांतील भेद ओळखत नाहीं. ज्या दोषाची सूचना यंत्र देत होतें, त्या सूचनेचाच गळा दाबला गेला. मर्यादा वाढविण्याची पाळी आली तर आधीं बिजागरी पाहावी, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

दुसरा उपाय फोटोसेलचा. फाटकाच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दोन लहान डोळे बसवितात; त्यांच्यामधील अदृश्य किरण कोणी तोडला तर मिटणारें कवाड परत फिरतें. ते ट्रकच्या उंचीवर नव्हे, तर लहान मुलाच्या कमरेच्या उंचीवर असावे. कवाडें ज्या बाजूस वळतात तेथें दुसरी जोडी असावी. त्यांच्या कांचेवर तुसाची धूळ बसते, म्हणून चौकीदारानें रोज सकाळीं त्या पुसाव्या. कवाडाच्या कडेला मऊ रबराची दाबपट्टी, आणि बिजागरीच्या फटीवर पट्ट्याचें झांकण, हे आणखी उपाय होत. सर्व बसवून झाल्यावर परीक्षा करावी: मिटणाऱ्या कवाडापुढें लाकडी ठोकळा, पुठ्ठ्याचें खोकें ठेवून पाहावें, कवाड स्पर्श होतांच थांबून मागें गेलें पाहिजे. ही परीक्षा माणसाच्या अंगानें कधीं करूं नये, आणि ती एकदां करून सोडूंही नये. दर महिन्यास करावी.

आणि येथें त्या जुन्या दिंडीची आठवण येते. पायीं चालणाऱ्यास गाड्यांच्या फाटकांतून जाण्याचें कारणच उरूं नये. फाटकाशेजारीं भिंतींत एक लहान, हातानें उघडणारें दार असलें कीं अपघाताचा निम्माअधिक संभव नाहींसा होतो, फाटकाच्या फेऱ्या घटतात आणि यंत्राचें आयुष्य वाढतें. नवें यंत्र घेण्यास पैसा आहे पण दिंडीस जागा नाहीं, असें म्हणणाऱ्यानें आपला हिशेब पुन्हा मांडावा.

शेवटची गोष्ट किल्लीची. धानाचें तूस, पोतीं आणि लाकूड असलेल्या आवारांत आग लागली तर प्रथम वीज जाते, किंवा मुद्दाम बंद केली जाते. त्याच वेळीं आंतील माणसांना बाहेर यावयाचें असतें आणि अग्निशामक गाडीला आंत शिरावयाचें असतें. यंत्र मोकळें करण्याची किल्ली जर मालकाच्या घरीं, कपाटांत, जुन्या पावत्यांबरोबर पडलेली असेल, तर तें फाटक फाटक नसून भिंत आहे. ती किल्ली चौकीदाराच्या खोलींत ठराविक खुंटीवर टांगलेली असावी, आणि दिवसपाळी व रात्रपाळी दोन्हीकडील माणसांनीं अंधारांत ती फिरवून कवाड उघडण्याचा सराव प्रत्यक्ष केलेला असावा. सांगितलेलें विसरतें, हातानें केलेलें विसरत नाहीं.

यंत्र आलें म्हणून चौकीदाराची गरज संपली असा समज कांहीं ठिकाणीं दिसतो. वस्तुतः त्याचें काम बदललें आहे, कमी झालेलें नाहीं. पूर्वीं तो कवाड ढकलीत असे. आतां त्यानें कवाडाचा आवाज ऐकावा, फोटोसेल पुसावा, बिजागरींत वंगण घालावें, आणि फिरणाऱ्या कवाडापाशीं मूल दिसतांच कळेवरचा हात उचलावा. यंत्रास हात आहेत आणि थोडें डोकेंही आहे. काळजी मात्र माणसासच वाहावी लागते. जें फाटक एका हातानें लोटतां येतें, ज्याचा खांब ओळंब्यांत उभा आहे, ज्याच्या शेजारीं दिंडी आहे आणि ज्याची किल्ली खुंटीवर आहे, त्या फाटकावर बसविलेलें साधें यंत्रही वर्षानुवर्षें चालतें. आणि यांपैकीं कांहींच नसेल, तर कितीही किंमतीचें यंत्र आणा, पुढच्या हंगामांत ट्रकांची रांग पुन्हा महामार्गापर्यंत गेलेली दिसेल.